अकरा नंबरचा मुक्काम

जंगलात एक रात्र राहायचं ठरलं, की भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं. तंबूत उशी मिळेल का, अस्वलं किती वाजता येतात, रात्री उठावं लागलं तर किती लांब चालायचं, कुत्रा आणला तर चालेल का, आणि तो कुत्रा अस्वलावर भुंकला तर काय करायचं? असल्या प्रश्नांना तोंड देत मोजणीबाईंनी एकोणीस वर्षं काढली होती. राखीव जंगलाच्या फाटकाला लागून एक लाकडी खोली, तिला सरकत्या काचेची खिडकी, खिडकीमागं टेबल, टेबलावर वायरचा जुना फोन, आणि त्या फोनमागं बाई. मुक्कामाची नोंदणी करायची ती त्यांच्याकडं.

मोजणीबाई हे नाव फाटकावरच्या मामांनी ठेवलेलं. मामा म्हणजे तिथले रखवालदार. नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते, वयानं मात्र सगळ्यांचे झाले होते. "बाई, तुम्ही चहात साखरेचे दाणेसुद्धा मोजून घालत असाल," असं ते रोज म्हणत, आणि बाई रोज सांगत, "घालते की. तुमच्या कपात चार कमी."

मोजायला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एक माणूस पाय मोडून दोन दिवस जंगलात पडून राहिला होता आणि तो आत राहिलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून बिल्ल्यांची पद्धत आली. बाईंच्या मागच्या भिंतीवर बारा खिळे होते, कारण आत मुक्कामाच्या जागा बारा. प्रत्येक खिळ्याला पत्र्याचे सहा बिल्ले. आत जितकी माणसं जातील तितके बिल्ले द्यायचे, दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपापला परत करायचा. कागदावर नावं, नावांपुढं एकूण आकडा, आणि खाली बाईंची सही. आदल्या दिवशी बाई प्रत्येक कुटुंबाला स्वतः फोन करत. किती जण येताय, टॉर्च आहे का, शिट्टी आहे का, लहान मुलाच्या गळ्यात घरच्यांचा नंबर अडकवलाय का. लोक कंटाळून जात. पण त्या फाटकातून एकोणीस वर्षांत एकही माणूस कमी होऊन बाहेर पडलेला नव्हता, आणि या गोष्टीचा बाईंना अभिमान होता. असायलाच हवा होता.

जास्त होऊन कुणी बाहेर पडेल, याचा विचार मात्र कुणीच केला नव्हता.

पहिल्यांदा झालं ते तीन वर्षांपूर्वी, पानगळीच्या दिवसांत. नवरा, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. अकरा नंबरची जागा त्यांना मिळाली होती. ती सगळ्यात आतली, तळ्याच्या पलीकडची. फोनवर बायको सांगत होती, "आम्ही तिघंच हो. आमच्याकडं मोठं माणूस कुणी नाही. ना माझ्याकडचं, ना यांच्याकडचं. म्हणून जरा धाकधूक वाटते." बाईंनी तिला धीर दिला, दुसऱ्या दिवशी तीन बिल्ले दिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं खिडकीत बिल्ले ठेवले ते चार होते.

बाईंनी परत मोजले. चार. मागं वळून खिळ्याकडं बघितलं, तर तिथं दोन. गाडीच्या मागच्या सीटवर मुलाशेजारी एक म्हातारी बसली होती. मुलगा तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"आई माझी," नवरा म्हणाला. "काल बोललात की तिच्याशी. गुडघ्याला पट्टा बांधा म्हणून सांगितलंत."

बाईंनी कागद काढला. चार नावं होती. आकडाही चारच, आणि तो बाईंच्याच अक्षरात. त्यांच्या चाराचं पोट कायम जरा फुगलेलं असे, तेही तसंच होतं. म्हातारीनं काचेतून बाईंकडं बघून मान हलवली, जुनी ओळख असल्यासारखी. गाडी निघून गेली.

"मोजणी चुकली वाटतं," मामा म्हणाले. "आता काही खरं नाही, बाई. उद्या सूर्य उगवतो की नाही बघा."

बाई हसल्या. वय झालं, चाळिशी ओलांडून दहा वर्षं झाली, होतात चुका. पण त्या रात्री घरी गेल्यावर त्यांनी एक कोरी वही काढली आणि त्या दिवसापासून अकरा नंबरला कोण किती गेले ते तिच्यात लिहायला लागल्या. वही घरीच ठेवायची, ऑफिसात आणायची नाही, असं त्यांनी का ठरवलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

वहीत आकडे साठत गेले. दोन मैत्रिणी गेल्या, तीन आल्या. एक जोडपं गेलं, परतताना बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी होती, कानात तारा घालून गाणी ऐकत बसलेली, आईवर फुरंगटलेली. एक निवृत्त शिक्षक एकटेच गेले. बायको वारली, मूलबाळ नाही, भिंतींशी बोलतो, असं त्यांनी फोनवर अर्धा तास ऐकवलं होतं. दुसऱ्या दिवशी एक चाळिशीची बाई त्यांचा हात धरून खिडकीशी आली. "बाबा, पायरी आहे, जपून," ती म्हणाली. दर वेळी ऑफिसातला कागद पुरता बदललेला असे आणि घरातली वही मात्र जशीच्या तशी राही.

आता कुणीही म्हणेल, मग बाईंनी आरडाओरडा का नाही केला? केला. म्हणजे त्यांच्या परीनं केला. अकरा नंबरचं झाड धोक्याचं आहे, जागा बंद करा, असं मोठ्या साहेबांना लिहून पाठवलं. साहेबांचा माणूस आला, झाडावर चार बुक्क्या मारल्या, दणकट आहे म्हणाला आणि गेला. मामांना सांगून पाहिलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, जरा चार दिवस रजा काढा."

आणि खरं सांगायचं, तर ओरडायचं कशाबद्दल, हेही बाईंना कळत नव्हतं. वर्षभरानं त्यांनी त्या पहिल्या कुटुंबाला अभिप्राय हवाय असं सांगून फोन केला होता. घरात सगळं झकास होतं. "सासूबाई होत्या म्हणून मी परत नोकरी धरू शकले," बायको सांगत होती. कुणाचं काय बिघडलं होतं? ज्याला जे कमी होतं ते त्याला मिळालं होतं. संध्याकाळी बसस्टॉपवर उभं राहून बाई यावर पुष्कळ विचार करत. जी माणसं येतात ती वाईट नव्हती. वाईट काय असेल तर एवढंच, की ती नव्हती तेव्हाचं कुणाला आठवत नाही. पोरकं असणं, एकटं असणं हेही माणसाचं स्वतःचं असतं, आणि ते त्यांच्याकडून कुणी न विचारता काढून घेतलं होतं. पण ज्याला आठवतच नाही, त्याचं दुःख दुसऱ्यानं कशाला करायचं? इथवर आलं की बस येई.

या तीन वर्षांत एकदाच वेगळं घडलं. चार मित्रांची नोंदणी होती, त्यातला एक आयत्या वेळी तापानं घरीच राहिला. त्यानं कळवलं नाही, बाकीच्यांनी सांगितलं नाही, बाईंनी सवयीनं चार बिल्ले दिले. गाडीत तिघंच होते हे त्यांना मामांनी नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई जेवायला गेल्या असताना मामांनी बिल्ले घेतले. चार गेले होते, चार आले. बाईंनी धावत येऊन कागद पाहिला. चार नावं, आणि ती आदल्या दिवशीचीच. काही बदललेलं नव्हतं. त्यांनी घरी जाऊन वहीत त्या ओळीपुढं मोठी बरोबरची खूण केली.

महिन्याभरानं एक दाढी वाढलेला माणूस खिडकीशी आला होता. मुक्काम नको, त्या दिवसाचा कागद तेवढा दाखवा, माझं नाव बघायचंय, असं म्हणत होता. असे लोक येत असतात. दुसऱ्यांचे कागद दाखवता येत नाहीत असं सांगून बाईंनी काच सरकवली.

हे सगळं एकीकडं, आणि बाईंची भाची एकीकडं.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, धाकट्या बहिणीला वाढवण्यात वय सरलं, आणि बहिणीला मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते बाईंनी. त्या दिवसापासून त्यांना कशाची उणीव भासली नाही. भाची आठ वर्षांची होती आता. दर शनिवारी मावशीकडं राहायला यायची, मावशीच्या पोटावर पाय टाकून झोपायची, आणि "मावशी, आज किती अस्वलं मोजलीस?" हे विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. बाईंचा सगळा जीव तिच्यात होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि त्या लपवतही नव्हत्या.

"सगळ्या जगाला जंगलात पाठवतेस," बहीण म्हणाली, "आम्हाला मेलं कधी पाठवणार?"

भाचीच्या वाढदिवसाला जायचं ठरलं. भाचीनं आठवडाभर आधी यादी केली. टॉर्च, शिट्टी, दोर, पायमोजे तीन, कारण एक हरवतोच. बाईंनी नोंदवही उघडली. त्या शनिवारी अकरा जागा भरलेल्या होत्या. मोकळी होती ती एकच, अकरा नंबरची.

"सगळं भरलंय गं," त्या फोनवर म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बघू."

पलीकडं मेव्हणा होता. तो मोबाईलवर बघून म्हणाला, "ताई, अकरा नंबर मोकळी दिसतेय की."

"ती जागा बरी नाही. ओल असते."

"तळ्याकाठी ओल नसणार तर काय धूळ असणार?" बहीण मागून ओरडली. "ताई, तुला आम्हाला पाठवायचंच नाही, असं सांग ना सरळ!"

मग भाची फोनवर आली. ती नुसती नाक ओढत राहिली. बाईंनी जगात कुणालाही नाही म्हटलं असतं, हिला सोडून.

दोन रात्री त्यांनी विचार केला. आपणही बरोबर जावं? पण मग चौघं जातील, पाच येतील, आणि त्या पाचव्याला आपणही वर्षानुवर्षं ओळखत असू. बाहेर राहून मोजणाऱ्यालाच तेवढं आठवतं. भाचीच्या घरात कोण नव्हतं? आजी नव्हती, भावंडं नव्हती, काका नव्हता. त्यातलं कुणीही येऊ शकलं असतं, येऊन तिचा लाड केला असता, तिच्या शनिवारांवर हक्क सांगितला असता. आणि त्या माणसाशी गोड बोलत बाईंनी उरलेलं आयुष्य काढलं असतं. या विचारानं त्यांना रडू आलं. हेवाच होता तो, दुसरं काही नाही.

मग त्यांना ती बरोबरची खूण आठवली. चार लिहिले, तीन गेले, आणि काही झालं नाही. म्हणजे एक जागा आधीच धरून ठेवली की भागतं. बसमध्ये खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसं. तिथं कुणी बसत नाही. आता रुमाल म्हणून कुणाचं नाव टाकायचं? खोटं नाव कागदावर घालायचं म्हणजे त्यांच्या हातून होणारं काम नव्हतं. एकोणीस वर्षांत कधी घातलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांनी कागद घेतला. बहीण, मेव्हणा, भाची. चौथ्या ओळीत त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. एकूण: चार. खाली सही. आपण जंगलात जाणार नाही, इथंच खुर्चीवर बसून राहणार, बिल्ला तेवढा जाईल. यात खोटं असं काही त्यांना वाटलं नाही.

दुपारी गाडी आली. भाची अर्धी खिडकीबाहेर लोंबत होती. "मावशी, शिट्टी घेतलीय!" आणि तिनं ती वाजवून दाखवली. मामा दचकले आणि कुणालातरी सलाम ठोकून बसले.

बाईंनी चार बिल्ले दिले.

"आम्ही तिघं आहोत, ताई," मेव्हणा म्हणाला.

"असू दे. नियम आहे."

"कसला नियम?"

"माझा," बाई म्हणाल्या, आणि बहीण हसली. "चल, चल, हिच्याशी वाद घालशील तर संध्याकाळ इथंच होईल." भाचीनं खिडकीतून हात घालून मावशीचा गाल ओढला. तिचे हात चिकट होते, काहीतरी गोड खाल्लेलं होतं. गाडी फाटकातून आत गेली. झाडांमधून तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

संध्याकाळी बाई घरी गेल्या नाहीत. नोंदवहीचं राहिलेलं काम काढून बसल्या. उजेड जायच्या सुमाराला मामा सायकलवरून शेवटची फेरी मारून आले. पायरीवर बूट आपटून त्यांनी माती झाडली.

"सगळीकडं ठीक," ते म्हणाले. "पाच नंबरवाल्यांचा तंबू पडला, तो उभा करून दिला. अकरावाले मजेत. शेकोटी पेटवलीय, चौघं गोल बसलेत, पोरगी गाणं म्हणतेय."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"किती?"

"चौघं."

"कागद बघून सांगताय की मोजून?"

"मोजून." मामांनी त्यांच्याकडं पाहिलं. काहीतरी आठवायचा प्रयत्न करताना दिसतं तसं त्यांचं कपाळ दिसत होतं. मग ते म्हणाले, "तुम्ही अजून इथंच का?"

"मी कुठं जाणार?"

"नाही, तसं नाही," मामा म्हणाले, आणि काय म्हणायचं होतं ते विसरल्यासारखे फाटक लावायला गेले.

बाईंनी कपाटातून ते जुने कागद काढले. चार मित्र, चार नावं. चौथ्या ओळीतलं, तापानं घरी राहिलेल्याचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. दाढीवाल्या माणसानं खिडकीशी उभं राहून हेच नाव सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी परत आलेल्या गाडीत कोण बसलं होतं, हे बाईंनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी कागद तेवढा पाहिला होता.

त्या धावत फाटकाशी गेल्या. अंधार पडल्यावर फाटक कुणासाठीही उघडायचं नाही, हा नियम त्यांनीच मामांकडून पाळवून घेतला होता. मामांनी हात जोडले. "बाई, उद्या सकाळी. रात्रीचं चालत तळ्यापलीकडं? खड्ड्यात पडाल." बाईंनी विनवण्या केल्या, आवाज चढवला. मामा बधले नाहीत. शेवटी त्या खोलीत परतल्या, अकरा नंबरचा कागद समोर घेतला आणि चौथ्या ओळीवर काट मारली. एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत. चाराच्या जागी तीन केले. मग खुर्चीतच बसून राहिल्या. पहाटे कधीतरी त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा काचेवर ऊन होतं. कागद समोरच होता. त्यावर काट नव्हती. कुठं फाटलेलाही नव्हता.

नऊ वाजता गाडी आली.

भाची उतरून पळत खिडकीशी आली. केसांत काड्या, गालाला राख. बाईंनी काच पूर्ण सरकवली आणि दोन्ही हात बाहेर काढले.

भाचीनं त्या हातांवर चार बिल्ले ठेवले.

"चार आहेत," ती म्हणाली. "मी मोजलेत."

"अगं सोन्या," बाई म्हणाल्या. "इकडं बघ. माझ्याकडं बघ."

भाचीनं पाहिलं. ती शहाणी मुलगी होती, परक्या माणसांशी नीट वागायची. बाईंनीच शिकवलं होतं तिला.

गाडीचं मागचं दार उघडलं. एक बाई उतरली. ती मोजणीबाईंसारखी दिसत नव्हती. जरा उंच होती, जरा सावळी, हसरी. तिनं रुमाल ओला करून भाचीचा गाल पुसला.

"ताई, चल गं, उशीर होतोय," गाडीतून बहीण म्हणाली. त्या बाईला म्हणाली.

"आले," ती बाई म्हणाली. "काय गं, थँक्यू म्हटलंस का?"

"थँक्यू, काकू," भाची मोजणीबाईंना म्हणाली.

बाईंनी बहिणीच्या नावानं हाक मारली. एकदाच, पण जोरात. बहिणीनं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. हिला आपलं नाव कसं माहीत, एवढंच होतं. मग तिला उत्तर सापडलं असावं, कारण तिनं खिडकीतल्या कागदाकडं पाहून मान डोलावली. भाची त्या बाईचा हात धरून गाडीत बसली. जाताना तिनं शिट्टी वाजवली.

बाईंनी वेळ घालवला नाही. रडायचं पुढं होतं. त्यांनी कोरा कागद ओढला. जागा: अकरा. मुक्काम: आज. माणसं: एक. आत जायचं, रात्र काढायची. पुढचं पुढं. जे तिथं होतं ते तिथं जाऊनच सुटेल. नावाच्या ओळीवर पेन टेकवलं, आणि दार वाजलं.

मामा आत आले. चहाचे दोन कप होते हातात. बाईंना बघून ते दारातच थांबले.

"अहो," ते हळूच म्हणाले. "तुम्ही आत कशा आलात? बाहेर खिडकीशी उभं राहायचं असतं."

"मामा."

"आमच्या बाई आत्ताच गेल्या बघा बहिणीबरोबर. मुक्कामाला होत्या. उद्या येतील कामावर. तुमचं काय काम होतं?"

बाईंनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं. एकोणीस वर्षं सांगितली. मामांनी कप टेबलावर ठेवले. मामा भला माणूस. ते चिडले नाहीत.

"बसा," ते म्हणाले. "चहा घ्या. रात्रभर झोप नाही दिसत तुम्हाला. घरचं कोण आहे? नंबर पाठ आहे का कुणाचा?"

बाईंनी बहिणीचा नंबर सांगितला. मामांनी टेबलावरच्या फोनवर तो फिरवला, दोन रिंग ऐकल्या आणि रिसीव्हर बाईंच्या हातात दिला.

"हॅलो?" भाची होती. मागं गाडीचा आवाज येत होता. "आई पुढं बसलीय. कोण पाहिजे?"

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पलीकडं वारा घोंगावत होता.

"कुणी बोलतच नाही," भाची म्हणाली. "मावशी, तू बघ."

फोन या हातातून त्या हातात गेला. गाडीच्या खिडकीची काच वर सरकल्याचा आवाज आला आणि वारा थांबला.

"हं," त्या बाईचा आवाज आला. अगदी हळू, शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतका. "कागद समोर आहे ना तुमच्या?"

बाईंनी खाली पाहिलं. पेनाच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत होता.

"या तुम्ही खुशाल," आवाज म्हणाला. "एकट्याच या. नाव मात्र दुसरं कुणाचं लिहा. हे माझं आहे."